मागच्या सीटवरच्या पिशव्या

आई,

गेल्या आठवड्यात मांडवगडला जाऊन आलो. बायकोला सांगितलं, मुलीला फोटो दाखवले, दोघी छान म्हणाल्या आणि आपापल्या कामाला लागल्या. त्यांचं काही चुकलं नाही. मला जे सांगायचं होतं ते मी त्यांना सांगितलंच नाही, कारण ते तुझ्या वाट्याचं आहे. तुला जाऊन चोवीस वर्षं झाली. तू गेलीस तेव्हा तुझं जे वय होतं त्याच्या दोन वर्षं पुढे मी आलोय, म्हणजे आपल्या दोघांत आता मीच मोठा. तरी हे लिहायला बसलो तर चौथीतलं प्रगतिपुस्तक पाठीमागे लपवून स्वयंपाकघराच्या दारात उभा असल्यासारखं वाटतंय. तुला छापील अक्षर जोडून जोडून वाचता यायचं, माझं हाताचं अक्षर तुला कधी लागलं नाही. आज ते सोयीचं वाटतं, आणि तसं वाटतं याचीही लाज वाटते.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगतो. वीस वर्षं भोंग्यावर बोलून मला मुळापासून सुरू करायची सवय लागली आहे. बाबा गेल्यावर तू कळवणकडचं गाव सोडून नाशकात आलीस, लोकांच्या घरी पोळ्या लाटल्यास, मला बी. ए. केलंस, आणि बी. ए. होऊन मी काय झालो, तर सहलीच्या बसमध्ये उभा राहून बोलणारा माणूस. आपल्या लोकांची एक जुनी खोड आहे. त्यांना मुलूख बघायचा असतो, पण जेवायचं मात्र घरचंच असतं. उज्जैन बघतील, इंदूर बघतील, पण दुपारी ताटात वरण-भात आणि पोळी हवी, आणि चटणी डाव्या बाजूलाच हवी. म्हणून आमच्या सहल कंपनीचे मालक बसबरोबर स्वयंपाकच न्यायचे. डिकीत दोन शेगड्या, सिलिंडर, परात, पातेली, कांद्याची गोणी, आणि मागच्या सीटवर स्वयंपाक करणारं माणूस. आधीचा आचारी ऐन हंगामात निघून गेला तेव्हा मीच मालकांना म्हणालो, माझी आई करील. मालकांनी एकच अट घातली. "बसमध्ये आई-बिई नको. व्यवस्थापकाची आई म्हटली की लोक भिडेपोटी खारट आमटीही गोड मानून घेतील आणि घरी जाऊन नावं ठेवतील. मावशी म्हणत जा." तुला त्या अटीची मोठी गंमत वाटली होती. पहिल्या सहलीत मी "मावशी, चहा झाला का हो?" असं विचारलं, तर तू तोंडाला पदर लावून हसलीस. त्यानंतर आठ हिवाळे मी तुला मावशी म्हणालो, अहो-जाहो केलं. हळूहळू त्यातली गंमत गेली आणि मावशी तेवढी राहिली.

मांडवगड आमच्या यादीत चौथ्या दिवशी यायचा. ओंकारेश्वर, उज्जैन, इंदूर, मग मांडवगड, आणि पाचव्या दिवशी खालघाटच्या पुलावरून आग्रा रोडनं घरी. मांडवगडला चौकाजवळच्या धर्मशाळेच्या मागच्या पडवीत तुझ्या शेगड्या लागायच्या. तिथून तुला काय दिसायचं, तर मशिदीच्या घुमटाचा वरचा भाग, धर्मशाळेचा हौद, आणि अंगणातली ती पोट सुटलेल्या बुंध्याची गोरखचिंच. एवढाच तुझा मांडवगड. तिथल्या एका बाईकडून तू त्या झाडाचं फळ घेतलंस, आतला आंबट गर आमटीत घातलास, आणि सगळी बस बोटं चाटत राहिली. त्याचं कवटीसारखं टणक कवच तू घरी आणलंस आणि त्यात चिंच ठेवायला लागलीस. ते अजून आमच्या फळीवर आहे. सूनबाईला विचारलं तर ती म्हणेल, हे सासूबाई मांडवगडला फिरायला गेल्या होत्या तेव्हाचं.

मंडळी सकाळी जहाज महाल बघायची, कललेल्या भिंतींचा हिंदोळा महाल बघायची, पांढऱ्या संगमरवरी कबरीभोवती चपला हातात घेऊन फिरायची. जहाज महालाच्या गच्चीवर, दोन तळ्यांच्या मधोमध उभं राहून कुणीतरी मला हमखास विचारायचं, "आज भाजी कुठली?" मग साडेबाराला सगळे तुझ्याकडे यायचे. जेवणं झाली की मी त्यांना बसमध्ये घालून गावाच्या दुसऱ्या टोकाला, कड्यावरच्या राणीच्या महालाकडे न्यायचो. तू भांडी घासायला बसायचीस. त्याच्याआधी मशिदीच्या पायऱ्यांवर भोंगा घेऊन मी जे बोलायचो ते तुला पडवीत स्पष्ट ऐकू यायचं, आणि ऐकून ऐकून तुझं ते पाठ झालं होतं. रोज नर्मदेचं दर्शन झाल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही असा राणीचा नेम. म्हणून राजानं कड्यावर तिच्यासाठी महाल उभारला, वर दोन छत्र्या बांधल्या. त्या छत्रीत उभं राहिलं की खाली पसरलेल्या निमाडच्या मैदानात, अगदी लांब, नर्मदा चांदीच्या रेघेसारखी दिसते. हे शेवटचं वाक्य म्हणताना मी आवाज जरा खाली आणायचो. आपल्या गल्लीत बायका जमल्या की तू हे सगळं त्यांना सांगायचीस, माझ्यासारखाच आवाज खाली आणून. एकीनं विचारलं, "तुम्ही पाह्यलं का हो?" तर तू म्हणालीस, "माझा पोरगा पाह्यतो ना दर खेपेला."

नर्मदा तुला नवी नव्हती. ओंकारेश्वरला तू तिच्यात पाय बुडवले होतेस, पुलावरून जाताना दर वेळी हात जोडायचीस. पण एकदा पोळ्या लाटता लाटता मला म्हणालीस, "जवळून लय पाह्यली रे. मला लांबून पाह्यची हाय. आमच्या टेकडीवरून गिरणा अशीच दिसायची, रेघेवाणी. शेळ्या सोडून द्यायच्या आन बसायचं पाहत. लग्न झाल्यापासून कुठलीच नदी तशी पाह्यली नाय." मग थोड्या वेळानं विचारलंस, "दिसती का रे खरंच?" मी म्हणालो, "दिसते ना." तू म्हणालीस, "तू पाह्यली?" मी म्हणालो, "दर खेपेला पाहतो." तुझं लाटणं थांबलं नाही. तू फक्त मान हलवलीस, आणि मी चहाचा कप घेऊन बाहेर आलो.

त्यानंतर दर हिवाळ्यात मी तुला सांगत राहिलो, पुढच्या खेपेला नेतो. कधी भांडी राहायची, कधी संध्याकाळच्या कणकेचं निघायचं, कधी एखाद्या काकांचं पथ्य निघायचं. तू कधी आठवण करून दिली नाहीस. तुझा मागायचा स्वभाव नव्हता आणि माझा आपणहून द्यायचा नव्हता, अशी आपली छान जोडी जमली होती.

तुझी आणखी एक गोष्ट इथे सांगायला हवी, ती का ते पुढे कळेल. उज्जैनला एकदा आमटी तळाला लागली. जरासाच वास होता. मी म्हणालो, वरून कोथिंबीर घाल, कुणाला कळणार नाही. तू डाव घेऊन पंगतीच्या तोंडाशी उभी राहिलीस आणि चाळीस माणसांना सांगितलंस, "आज आमटी लागली हाय. ज्याला चालन त्यानं घ्या, नाय त्याला ताक हाय." मी नंतर तुझ्यावर चिडलो. काय गरज होती, कुणालाही कळलं नसतं. तू पातेलं खरवडत म्हणालीस, "मला कळलं होतं ना." बस्स, एवढंच. वर काही उपदेश नाही. त्या दिवशी लोकांनी तीच आमटी मागून मागून घेतली, हा भाग वेगळा. पण मला तेव्हापासून तुझी थोडी भीती वाटायला लागली.

मग तो सहावा हिवाळा. निघायच्या आधीच मी तुला शब्द दिला होता की या वेळी नक्की. मालकही हो म्हणाले होते. मांडवगडला त्या दिवशी तू पहाटेच उठलीस, दुपारचं केलंस, संध्याकाळची भाजी चिरून ठेवलीस, खिचडीचे तांदूळ निवडून ठेवलेस. पंगत उठल्याबरोबर भांडी घासून पालथी घातलीस. बसला निघायला दहा मिनिटं होती. तू आलीस ती तुझ्या बहिणीनं येवल्याहून आणलेली जांभळ्या काठाची साडी नेसून, जी तू लग्नकार्याशिवाय ट्रंकेतून काढत नव्हतीस. कांद्याचा वास जावा म्हणून हाताला लिंबू चोळलं होतंस. मला तो वास आला, कारण तू बसच्या पायरीवर माझ्या अगदी जवळ उभी होतीस.

बस भरलेली होती. इंदूरला एका जोडप्याचे व्याही आदल्या संध्याकाळी येऊन मिळाले होते, त्यामुळे दोन जागा गेल्या होत्या. राहिली मागची लांब सीट. तिच्यावर, तुझ्या कोपऱ्यातसुद्धा, इंदूरची खरेदी पसरली होती. शेवेच्या, चिवड्याच्या फुगलेल्या पिशव्या, साड्यांचे खोके, कुणाचा तरी पितळी दिवा. त्या पिशव्या डिकीत टाकायला दोन मिनिटं लागली असती. शेव चुरडेल म्हणून कुणी कुरकुरलं असतं, तर कुरकुरलं असतं. मी पायरीच्या वरच्या टप्प्यावर उभा होतो, हातात भोंगा होता. मी म्हणालो, "मावशी, जागा नाही हो. पुढच्या खेपेला बघू." तू माझ्या खांद्यावरून एकदा मागे पाहिलंस. तुला पिशव्या दिसल्या असणार. मग तू म्हणालीस, "बरं." आणि पायरीवरून उतरताना साडीच्या निऱ्या हातानं उचलून धरल्यास, काठाला बसची धूळ लागू नये म्हणून. मी ड्रायव्हरला म्हणालो, चला.

परत आलो तेव्हा तू रोजच्या साडीत होतीस आणि खिचडी तयार होती. पापड भाजलेले होते. सगळे जेवले, मीही जेवलो, दोनदा घेतली. त्यानंतर दोन हिवाळे तू आमच्याबरोबर मांडवगडला आलीस. तुला छत्रीपर्यंत न्यायचं मी पुन्हा काढलं नाही. तिसऱ्या वर्षी काविळीनं तू गेलीस. हे सगळं मी इतकी वर्षं एका वाक्यात घडी घालून ठेवलं होतं: आईला मांडवगड दाखवायचा राहून गेला. असं म्हटलं की ऐकणारा हळहळतो. मीही त्याच्याबरोबर हळहळायचो. राहून गेला म्हटलं की कुणाचा दोष नसतो.

दोन महिन्यांपूर्वी धुळ्याच्या लग्नाहून परतताना मालेगावला उतरलो. आपल्या बसचे ड्रायव्हरचाचा आता घरातच असतात, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. शेजारच्या यंत्रमागांचा खटखटाट चालू होता, त्यामुळे आम्ही दोघंही मोठ्यानं बोलत होतो. सहलींच्या गोष्टी निघाल्या. चाचा हसत हसत म्हणाले, "बेटा, तुझी आई म्हणजे बडी जिद्दी औरत. त्या मांडूच्या दिवशी आठवतं ना?" मी विचारलं, मांडवगडच्या कुठल्या दिवशी. "अरे, जांभळी साडी नेसून आली होती तो दिवस. सुबह से एक दाना पोटात नव्हता तिच्या. मी माझं ताट घेतलं तेव्हा म्हटलं, मौसी, तुम भी दो घास खा लो. तर म्हणे, राणी नदी पाहून मग जेवायची ना, मी पण आज तसंच करते. पोराच्या गोष्टीला मान द्यायला पाहिजे." मला वाटलं गोष्ट संपली. चाचा म्हणाले, "संध्याकाळी सगळ्यांना वाढून झालं. मी म्हटलं, आता तरी खा. बोली, न पाहता कसं खाऊ? उद्या पुलावर पाहीन, मग खाईन. मला म्हणाली, पुलावर गाडी जरा हळू घ्या. मी घेतली ना हळू. तुला कसं काय ठाऊक नाही?"

मला ठाऊक होतं, आई. फक्त काय ठाऊक होतं ते मला ठाऊक नव्हतं. खालघाटचा पूल आला तेव्हा बस हळू झाली म्हणून मी मागे वळून पाहिलं होतं. तू मागच्या सीटच्या कोपऱ्यात, त्याच पिशव्यांच्या शेजारी बसली होतीस. खिडकीकडे हात जोडलेस, आणि मग फडक्यातून आदल्या दुपारची पोळी काढून खायला लागलीस. नाश्त्याचा थांबा अर्ध्या तासावर होता. भोंगा माझ्या हातात होता, आणि हातात भोंगा असला की मला गप्प बसवत नसे. मी म्हणालो, "मंडळी, बघा, आपल्या मावशींना नाश्त्यापर्यंतसुद्धा दम निघत नाही." सगळी बस वळून बघत हसली. तूही हसलीस, तोंडात घास होता म्हणून पदर लावून. पहिल्या सहलीत हसली होतीस तशीच. चाचांच्या घरात बसून मला ते हसू आठवलं आणि पुढ्यातला चहा मला पिववेना. चाचांनी दोनदा विचारलं, साखर कमी झाली का. मी हो म्हणालो, तेही खोटंच.

म्हणून गेल्या आठवड्यात गेलो. मुलीनं एका कंपनीच्या सहलीत नाव घातलं. मी प्रवासी म्हणून बसलो होतो, खिडकीची जागा, समोर पाण्याची बाटली. आता स्वयंपाक वेगळ्या टेम्पोतून पुढे जातो. व्यवस्थापक म्हणून पंचविशीची एक मुलगी होती, कॉलरला बोटाएवढा माइक, भोंगा वगैरे काही नाही. मी पहाटे उठून स्वतः बाजरीची भाकरी थापली होती, कडेनं फाटलेली, आणि मिरचीचा ठेचा केला होता. बायको म्हणाली, जेवण मिळतं ना सहलीत? मी म्हणालो, असू दे. डब्याला तुझ्याच फडक्यासारखं एक फडकं बांधलं. ठरवलं होतं की आज नदी बघितल्याशिवाय जेवायचं नाही. तुझा तो दिवस मी एकदा तरी पुरा करीन, असं काहीतरी मनात होतं. एवढं ठरवून बसलो, आणि पहाटेच्या उठण्यानं मालेगाव सुटताच डोळा लागला. जाग आली तेव्हा बस घाट चढत होती. खालघाटचा पूल कधीच मागे गेला होता.

दुपारी सगळे जेवायला बसले तेव्हा मी उपवास आहे म्हणालो. धर्मशाळेच्या मागे जाऊन आलो. पडवीत आता मोटारसायकली लावतात, पण गोरखचिंच तशीच आहे. तू बसायचीस तिथे बसून पाहिलं. घुमटाचा वरचा भाग दिसतो, बाकी काही नाही. मग चार वाजता राणीच्या महालाकडे गेलो. पायऱ्या चढताना दोनदा थांबावं लागलं. वर छत्रीत गार वारा होता आणि खाली सगळं धुरकट, पांढुरकं. जमीन कुठे संपते आणि आभाळ कुठे लागतं तेसुद्धा कळत नव्हतं. ती व्यवस्थापक मुलगी आली, तिनं राणीची गोष्ट सांगितली, माझ्यापेक्षा कमी शब्दांत. आणि म्हणाली, "काका-काकू, नर्मदा त्या बाजूला आहे, पण आज दिसत नाहीये. खरं सांगू का, मी इतक्यांदा आले, मला एकदाच दिसली, पाऊस नुकताच संपला होता तेव्हा. हिवाळ्यात असंच धुरकट असतं." मी लोकांकडे पाहिलं. एक काकू म्हणाल्या, "असू दे गं, वारा किती छान आहे." दुसऱ्या म्हणाल्या, "चला, फोटो काढू." झालं. एवढंच झालं. कुणी तक्रार केली नाही, कुणी तोंड वाकडं केलं नाही.

आता खरं सांगतो. बसमध्ये जागा नव्हती हे खोटं होतं, ते मी वर लिहिलंच आहे. पण पिशव्या हलवायची भीड वाटली, हेही पुरतं खरं नाही. वीस हिवाळे मी त्या छत्रीत उभा राहिलो आणि वीस हिवाळ्यांत मला ती रेघ एकदाही दिसली नाही. आधीच्या व्यवस्थापकानं मला शिकवलं होतं, त्या दोन टेकड्यांच्या मधे बोट दाखव, आवाज खाली आण, आणि गप्प उभा राहा. कुणीतरी पहिला दिसली म्हणतो, मग सगळ्यांना दिसते. तसंच व्हायचं. लोक परत येऊन तुला सांगायचे, काय सुंदर दिसली हो मावशी, आणि तू त्यांना वाढता वाढता ऐकायचीस. तू तिथे आली असतीस तर डोळ्यांवर हात धरून नीट बघितलं असतंस, टेकडीवरून गिरणा बघायचीस तसं, आणि सगळ्यांसमोर म्हणाली असतीस, "मला तर नाय दिसत रे. कुठं हाय?" लागलेली आमटी सांगितलीस तसं, सरळ. मला चाळीस लोकांपुढे खोटं पडायचं नव्हतं. त्याहून तुझ्यापुढे पडायचं नव्हतं, कारण मी तुला दर खेपेला पाहतो म्हणून सांगून बसलो होतो. पायरीवर तुझ्या हातांचा लिंबाचा वास आला तेव्हा मला पिशव्या दिसल्या, आणि बरं वाटलं, आई. त्या पिशव्या तिथे आहेत याचं मला बरं वाटलं.

तू "दिसत नाही" म्हणाली असतीस तर काय झालं असतं, ते या खेपेला बघितलं. कुणीतरी वारा छान आहे म्हणालं असतं. तुझ्या अंगावर जांभळ्या काठाची साडी होती, कुणीतरी तुझा फोटो काढला असता. तू रात्री घास खाल्ला असतास की पुलापर्यंत थांबली असतीस, ते तुझं तू ठरवलं असतंस.

हे पत्र घडी करून तुझ्या त्या गोरखचिंचेच्या कवटीत ठेवणार आहे, चिंच दुसऱ्या डब्यात काढली आहे. एक गोष्ट राहिली. फोटो चालू असताना मी खालच्या पायरीवर येऊन बसलो. शुगरची गोळी सकाळी घेतलेली, आता खायलाच हवं, असं मी स्वतःला सांगितलं. परतताना पूल होताच, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत थांबता आलं असतं, बिस्किटावर भागलं असतं. मी फडकं सोडलं आणि नदी न बघताच जेवलो. दोन्ही भाकऱ्या खाल्ल्या.